लेआउटमागचे पाचशे मीटर

त्या रविवारी माझ्या घड्याळात २१.१० किलोमीटर झाले, तेव्हा समोरची कमान अजून पाव किलोमीटर लांब होती. वेळ झाली होती १:५९:३४. दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन, म्हणजे जवळजवळ २१.१ किलोमीटर, पूर्ण करायची, एवढं एकच वेड डोक्यात घेऊन मी दोन वर्षं पहाटे साडेचारचा गजर लावत होते. शर्यतभर दर किलोमीटरला मनगट वळवून पाहिलं होतं. सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:४० च्या पुढे सरकू दिला नव्हता. ५:४० च्या पेसने एकवीस किलोमीटर शंभर मीटर, म्हणजे दोन तासांना सव्वीस सेकंद कमी. हिशेब चोख होता. कमानीखालून गेले तेव्हा वरच्या मोठ्या घड्याळात २:००:५९ होते.

पुढचं लिहिताना आजही जड जातं. तिथे मेडल घालायला एक मुलगा उभा होता, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. त्याच्या हातात मेडलच्या फितींचा गुंता होता आणि तो सोडवत सोडवत तो माझ्याकडे पाहून हसला. मी त्याला म्हटलं, "तुमचा रस्ताच चुकीचा मोजलाय. माझ्या घड्याळात एकवीस पस्तीस भरले." तो काही बोलला नाही. मी मेडल हातातच घेतलं, गळ्यात घालू दिलं नाही. घरी येईपर्यंत आमच्या ग्रुपवर तिघींनी तेच लिहिलं होतं. कुणाचे २१.३, कुणाचे २१.४. मग तर माझी खात्रीच पटली.

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "कशानं मोजलं?"

"घड्याळानं. सॅटेलाइटवरून मोजतं ते, बाबा."

"आणि त्यांनी?"

"माहीत नाही."

"मग काहून भांडून राहिली? दोघांनी कशा-कशानं मोजलं ते आधी पाहावं लागते."

बाबा मोजणी खात्यातले. भूकरमापक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या घरात दिवाणापासून देव्हाऱ्यापर्यंत सगळ्याची मापं त्यांच्या वहीत आहेत. दोन भावांचं धुऱ्यावरून वाजलेलं असायचं, एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात सात-बारा, आणि मधे हे साखळी घेऊन उभे. अशा जागी माणूस मोजताना फार सावध होतो. साखळी वापरून वापरून तिच्या कड्या झिजतात आणि ती लांबते, म्हणून कचेरीतल्या प्रमाण लांबीशी ती मधूनमधून ताडून पाहायची. लांबलेल्या साखळीने शेत कमी भरतं. शेतकऱ्याचा काही दोष नसताना त्याची जमीन कागदावर आटते. बाबांना या गोष्टीचा राग यायचा, आणि तो राग साखळी न तपासणाऱ्या माणसावर असायचा.

त्यांची पहिली नेमणूक हिंगणघाटला. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना एक कबर दाखवायला नेलं होतं, विल्यम लॅम्बटनची. ज्याने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर पायारेषा आखून या देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. बाबा तेव्हा पंचविशीत होते. त्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती थिओडोलाइटची गोष्ट. लॅम्बटनचं कोन मोजायचं ते यंत्र जवळजवळ अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकडं झालं. लॅम्बटन त्याच्याजवळ बसून राहिला आणि कित्येक दिवस खपून त्याने ते स्वतःच्या हाताने पूर्ववत केलं. "यंत्र बिघडलं हे त्याला माहीत होतं, म्हणून दुरुस्त करू शकला," बाबा म्हणायचे. मी लहानपणी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तिचा अर्थ माझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

शर्यतीचा रस्ता कसा मोजतात ते मी त्या आठवड्यात शोधून काढलं. सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा दातेरी मोजक लावतात, चाकाच्या एका फेऱ्याचेही बारीक भाग मोजणारा. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तीच सायकल, त्याच माणसाने, तेवढ्याच हवेच्या टायरांनी चार वेळा चालवायची. मग शर्यतीचा रस्ता मोजायचा. मग पुन्हा पट्ट्यावर येऊन चार वेळा, कारण तोवर ऊन चढून टायर फुगलेला असतो. आणि मोजायची ती सगळ्यात आखूड वाट, म्हणजे वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, एका वळणाच्या आतल्या कडेपासून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेपर्यंत तिरपं सरळ. एवढं करूनही किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे रस्ता कुठल्याही हिशेबाने कमी भरू नये. हाफला हे झाले एकवीस मीटर.

आता मी कशी धावले होते ते आठवून पाहिलं. पाण्याच्या टेबलाकडे डावीकडे, सावली दिसली की उजवीकडे, गर्दीला वळसा घालून बाहेरून. दहा मीटर रुंद रस्त्याला काटकोनात वळण असेल आणि आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेने गेलं, तर एका वळणाला सुमारे सोळा मीटर जास्त पडतात. त्या रस्त्यावर किती वळणं होती! म्हणजे घड्याळाने दाखवलेल्या जास्तीच्या अडीचशे मीटरांपैकी काही मी खरंच धावले होते. रस्ता बरोबर होता. ज्या मुलाच्या हातून मी मेडल घालून घेतलं नाही, त्याची माफी मागायला मला तो पुन्हा कधी भेटला नाही.

उरलेली वाढ घड्याळाची. ती कुठून येते हे समजून घ्यायला मला वेळ लागला. बाबांना मात्र मी सांगायला सुरुवात करताच कळलं.

सगळं गणित वेळेचं आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात, प्रत्येकात अणुघड्याळ असतं, आणि प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून मनगटावरचं घड्याळ अंतर काढतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे वेळेत एवढीशी चूक झाली की वीतभराहून मोठी चूक अंतरात झालीच. वर गुरुत्वाकर्षण कमी आणि वेग प्रचंड, त्यामुळे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते दुरुस्त केलं नाही तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या वर चूक साठेल. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण आपल्या घड्याळातलं क्वार्ट्झ अणुघड्याळाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो.

"म्हणजे टाय घेतात," बाबा म्हणाले. मोजणीचा दगड किंवा खिळा पुढेमागे उपटला गेला तर सापडावा, म्हणून जवळच्या तीन पक्क्या वस्तूंपासून त्याचं अंतर लिहून ठेवतात, त्याला ते टाय म्हणतात. एक विहीर, एक देवळाचा कोपरा, एक आंब्याचं झाड. तीन अंतरं वहीत असली की दगड गेला तरी जागा जात नाही.

मी त्यांना माझ्या मोबाइलवर त्या शर्यतीची रेघ मोठी करून दाखवली. जिथे रस्ता नाकासमोर सरळ होता तिथेही रेघ सापासारखी जात होती, कधी दुभाजकावरून, कधी दुकानांच्या ओट्यावरून. दर सेकंदाला घड्याळ एक ठिपका टाकतं. उघड्यावर असा ठिपका तीन-चार मीटर इकडेतिकडे पडणं हे त्याच्या परीने चांगलंच काम आहे. मग ते ठिपके जोडून अंतर काढायचं. बाबांनी बोटाने ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवली.

"वाकडं मोजलं की जास्तच भरते," ते म्हणाले. "टेप तिरपा धर, झोळ पडू दे, चढावर ठेव. कसाही चुकव, जास्तच भरते. वाकडं मोजून कमी भरलेलं मी पाहिलं नाही."

मी गप्प झाले. २०१६ मध्ये काही संशोधकांनी गणिताने हेच मांडलं होतं. दोन चुकीच्या ठिपक्यांमधलं सरळ अंतर सरासरीने खऱ्या अंतरापेक्षा जास्तच येतं, असं त्यांनी दाखवलं. बाबांना ते टेपच्या झोळावरून माहीत होतं. उलटी बाजूही आहे. गोलाईवर ठिपके लांब-लांब पडले, किंवा घड्याळाने रेघ गुळगुळीत करायच्या नादात वळणाचा कोपरा कापला, तर अंतर कमी भरतं. बॅटरी वाचवायला ठिपके विरळ टाकायची सोय असते, ती मी म्हणूनच बंद ठेवते. चारशे मीटरच्या ट्रॅकवर तर दोन्ही चुका एकदम होतात. तिथे घड्याळ पाहण्यात अर्थ नाही, फेऱ्या मोजाव्यात. पहिल्या लेनमध्ये चारशे, आणि प्रत्येक बाहेरच्या लेनला फेरीमागे साडेसात मीटरांहून थोडं जास्त.

त्याच आठवड्यात बाबांनी विषय काढला. "एक पट्टा मोजून घेऊ आपण. तुझा स्वतःचा."

आमच्या लेआउटच्या मागे एक सरळ रस्ता आहे, तेव्हा डांबरी होता. एका टोकाला पुलिया, दुसऱ्या टोकाला रिकामा प्लॉट. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिथे गेलो. बाबांकडे तीस मीटरचा पोलादी टेप होता, चामड्याच्या गोल डबीतला, पितळी मुठीचा. डबीवरची शिवण त्यांनी स्वतः दोनदा घातलेली. पुलियाच्या कठड्याजवळ रस्त्याच्या कडेला त्यांनी एक खिळा ठोकला, डोकं रुंद असलेला, आणि त्याच्या माथ्यावर पोगराने एक बारीक टिंब पाडलं. टेपचं शून्य त्या टिंबावर धरायचं काम माझं. ते पुढे चालत गेले आणि तीस मीटरवर खाली बसले. गुडघा टेकवताना त्यांनी एक हात रस्त्यावर टेकला, मला ते लांबून दिसलं.

"ताण!" ते ओरडले. मी ओढलं. "जास्त नको. झोळ जाईल एवढाच." मग खडूची आडवी रेघ, त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ, आणि वहीत एक उभी काठी. असे सोळा टेप आणि वर वीस मीटर. पाचशेवर दुसरा खिळा. मला वाटलं झालं. बाबांनी टेप गुंडाळला, दोन घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता उलटीकडून."

परत मोजताना ते शून्याकडे आले तेव्हा पेन्सिलीची रेघ टिंबापासून चार सेंटीमीटर अलीकडे पडली. पाचशे मीटरमध्ये चार सेंटीमीटर. बाबांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले, मधला घेतला, दुसरा खिळा दोन सेंटीमीटर सरकवला. तारीख, वेळ आणि हवा लिहिली: "थंड, वारा नाही." मी विचारलं, हवा कशाला? तर म्हणाले, हाच टेप मे महिन्याच्या दुपारी ताणला असता तर पोलाद प्रसरण पावून पाचशे मीटरमागे चौदा-पंधरा सेंटीमीटरचा फरक पडला असता. नागपूरच्या उन्हात आयुष्यभर मोजलेल्या माणसाला हे पाठ असणारच. शेवटी त्यांनी दोन्ही खिळ्यांचे टाय घेतले. पुलियाकडच्या खिळ्याला विजेचा खांब, कठड्याचा कोपरा आणि एक कडुनिंब.

तिथून पुढे ते पाचशे मीटर जाऊन-येऊन म्हणजे माझा किलोमीटर झाला. त्या डिसेंबरात मी त्यावर माझं घड्याळ तपासलं. दहा दिवस, रोज एकदा, दोन्ही खिळ्यांवर बटण दाबून. बहुतेकदा १.०१ आलं, दोनदा १.०२, एकदा ०.९९. माझं जुनं घड्याळ, जे मी आता बाबांना फिरायला दिलं आहे, ते १.०२ ते १.०४ दाखवतं. म्हणजे माझ्या घड्याळाचा स्वभाव मला कळला. ते किलोमीटरमागे साधारण दहा मीटर जास्त सांगतं, आणि रोज जवळजवळ तेवढंच सांगतं. रोज तेवढंच चुकणाऱ्या घड्याळावर मी विसंबू शकते. ज्याची चूक रोज वेगळी, त्याचं मला काही करता येत नाही.

आणि चूक कुठे बदलते, तेही या शहरात धावता-धावता कळत गेलं. फुटाळा तलावाच्या काठाला आभाळ मोकळं आहे, तिथे रेघ सुतासारखी येते. सिव्हिल लाइन्समध्ये, वॉकर्स स्ट्रीटपासून लेडीज क्लब चौकापर्यंत, जुन्या झाडांची कमानच आहे. उपग्रहाचा संदेश इथवर येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की पावसाळ्यात ओल्या पानांचा थरसुद्धा त्याला अडतो. तोच रस्ता जुलैत आणि पानगळीनंतर धावून पाहा, फरक दिसेल. सीताबर्डीच्या इमारतींमध्ये संदेश काचेवर, भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो. वळसा घातला की अंतर वाढतं आणि घड्याळाला वाटतं आपण रस्त्याच्या पलीकडे आहोत. सगळ्यात वाईट हाल वर्धा रोडला. तिथे खाली महामार्ग, वर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा तो दुमजली पूल २०२२ च्या डिसेंबरात गिनीजच्या नोंदीत गेला, आपल्या शहराला त्याचा अभिमान आहे आणि मलाही आहे. पण छत्रपती चौकाच्या आसपास त्याच्या खालून धावताना माझ्या घड्याळाने एकदा ३:५० चा पेस दाखवला आणि पुढच्या मिनिटाला ८:१०. मी एका लयीत धावत होते, श्वासही बदलला नव्हता.

त्या दिवसापासून मी क्षणाचा पेस पडद्यावरून काढूनच टाकला. लॅपचा पेस ठेवला. एका किलोमीटरच्या सरासरीत इकडच्या-तिकडच्या चुका बऱ्याचशा मिटतात, तीन सेकंदांच्या आकड्यात त्या मिटत नाहीत. नव्याने धावायला लागलेल्या मैत्रिणींना मी हे कळकळीने सांगते, कारण त्या आकड्यामागे पळून दम लागलेल्या, आणि "आज मी मंद आहे" म्हणून रडवेल्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुसरं सांगते ते निघण्याआधी थांबायचं. उपग्रह आपल्या कक्षेची पूर्ण माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो. ती मोबाइलकडून आधीच आलेली नसेल, तर ऐकू येईपर्यंत घड्याळ अंदाजाने चालतं. गेटबाहेर उघड्यावर मिनिटभर उभं राहावं, बुटांच्या नाड्या बांधाव्यात. शर्यतीत तर किलोमीटरची पाटी दिसली की हाताने लॅपचं बटण दाबावं. पाटी सायकलने मोजलेली असते, घड्याळाच्या आपोआप लॅपपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा.

"कोणतं घड्याळ घेऊ गं ताई?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतो. सध्या दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारी घड्याळं मिळतात. जुना एल-वन पट्टा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, नवा एल-फाइव्ह ११७६.४५ चा. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना दोन्हींना वेगवेगळा उशीर होतो आणि त्या फरकावरून घड्याळ तो उशीर वजा करू शकतं. शिवाय नव्या संदेशाची वीण दहापट बारीक असल्याने थेट आलेला आणि भिंतीवर आपटून आलेला वेगळा ओळखणं सोपं जातं. भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशात आयनांबर जास्त खवळतं, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तानंतरचे काही तास. संध्याकाळी धावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची दिशादर्शक उपग्रह यंत्रणा, तोही आता या रांगेत आहे. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून तो एल-वनवरही बोलू लागला, त्यामुळे छोट्या उपकरणांना तो ऐकणं सोपं झालं. एवढं सगळं खरं आहे, तरी माझं मत असं की जी रोज फुटाळ्याला मोकळ्यावर धावते तिने नुसत्या अचूकतेसाठी महागडं घड्याळ घेऊ नये. झाडीत आणि इमारतींत धावणारीने घ्यावं, पैसे वसूल होतील. आणि दोघींनीही आपला एक पट्टा टेपने मोजून ठेवावा. टेप दोन-चारशे रुपयांत येतो.

बाबांच्या खात्यात आता रोव्हर आले आहेत. त्यांच्या जागी लागलेल्या मुलाने एकदा घरी येऊन त्यांना तो दाखवला, काठीवर बसवलेला पांढरा डबा. तेच उपग्रह, तरीही चूक काही सेंटीमीटरची. कारण जवळपास एका पक्क्या जागी, जिचे अक्षांश-रेखांश आधीच नेमके ठाऊक आहेत अशा ठिकाणी, एक स्थानक कायमचं बसलेलं असतं. त्या स्थानकाला स्वतःची जागा माहीत असल्याने आत्ता उपग्रह किती चुकतोय ते त्याला कळतं, आणि ते रोव्हरला कळवतं. बाबांनी तो डबा हातात घेऊन पाहिला, वजन पाहिलं. "ओळखीचा दगड लागतोच," ते म्हणाले, आणि त्या मुलाला चहा विचारायला आत वळले.

आपल्या झिरो माइलला चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब सगळे बघतात. तिथेच मोजणीचा एक ठेंगणा दगड आहे, १९०७ सालचा, त्याच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. देशाचा मध्य इथेच, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या दगडाचं खरं काम उंची सांगण्याचं. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत, साखळ्यांच्या आणि दुर्बिणीच्या काळात! मीटरमध्ये ते ३११ होतात. मी रविवारी तिथून जाते तेव्हा क्षणभर थांबून घड्याळातली उंची पाहते. पावसाचं आभाळ भरून आलेलं असलं की घड्याळ ३२५ म्हणतं, कारण ते उंची हवेच्या दाबावरून काढतं आणि दाब उतरला की त्याला वाटतं आपण टेकडी चढलो. मी तिथेच ३११ भरून देते. मग सेमिनरी हिल्सचा चढ त्या दिवशी बरोबर येतो.

दोन तासांच्या आत मी पुढच्या वर्षी आले, १:५८:४७. त्या वेळी घड्याळात पेस ५:३५ ठेवला होता, दहा मीटरांचा हिशेब धरून.

यंदा उन्हाळ्यात आमच्या मागचा रस्ता सिमेंटचा झाला. दोन्ही खिळे खाली गेले, कडुनिंबही गेला. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझा मुलगा आणि बाबा तिकडे गेलो. बाबांना आता खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची नेली. मांडीवर ती जुनी वही. त्यांनी आकडे वाचले, मुलाने खांबापासून एक टेप धरला, मी कठड्याच्या कोपऱ्यापासून दुसरा, आणि खडूने दोन कमानी काढल्या. त्या दोन ठिकाणी छेदत होत्या. एक छेद सिमेंटच्या कडेला, दुसरा पलीकडे एका घराच्या फाटकाच्या आत. तिसरा टाय झाडाबरोबर गेला होता.

"कोणता, आजोबा?" मुलाने विचारलं.

"रस्त्यातला. त्या फाटकात आपण कधी मोजलं नाही."

नवा खिळा सिमेंटमध्ये सहज जात नव्हता. ड्रिलने भोक पाडून तो बसवला, मुलाने पोगराने टिंब पाडलं. दुसऱ्या टोकाचाही तसाच सापडला, तिथले तिन्ही टाय जागेवर होते. मग चामड्याच्या डबीतून टेप बाहेर आला. शून्य धरायला मी, पुढे चालायला मुलगा, आणि बाबा खुर्चीवरून काठ्या मोजत. सोळा टेप आणि वीस मीटर. रेघ खिळ्यापासून सात सेंटीमीटर पुढे पडली. मुलगा टेप गुंडाळायला लागला तसे बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "थांब. आता उलटीकडून."